नानांच्या रानातून जाणारा रस्ता

आमच्या घराकडे यायला एकच रस्ता आहे आणि तो नानांच्या रानातून येतो. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. पिंपरी पेंढारच्या पुढे डांबरी सोडली की डाव्या हाताला त्यांचा कांदा, उजव्या हाताला त्यांची विहीर, मधून एक पिकअप जेमतेम जाईल एवढी चाकोरी आणि चाकोरीच्या टोकाला आमचं घर. वाटण्या झाल्या तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण तेव्हा दोघे भाऊ रोज एकमेकांच्या ओट्यावर बसत होते.

गेल्या हंगामात आमच्या टोमॅटोच्या पिकअपनं वळताना नानांची ठिबकची नळी चिरडली. एवढंच झालं. नाना म्हणाले, "गाडी घालायच्या आधी इचारायचं तरी व्हतं." पप्पा म्हणाले, "नळीच हाय ना. आणून देतो दुसरी." आणि खरंच आणून दिली, नवी कोरी. नानांनी ती बांधावर तशीच गुंडाळी करून ठेवली आणि चाकोरीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. कडेनं मोटारसायकल निघेल एवढी फट सोडली. म्हणजे माणसांवर राग नव्हता, पिकअपवर होता.

या वर्षी टोमॅटो लावले, बांधणी झाली, फळ धरलं, तरी काट्या जागच्या जागी. पहिल्या तोड्याच्या आधी त्या निघाल्या नाहीत तर भरलेले कॅरेट डोक्यावर घेऊन डांबरीपर्यंत न्यावे लागणार होते. तोडणीला येणाऱ्या बायकांनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, "आमी तोडायला येतो वयनी, वझी न्यायला न्हाई. तसं असंल तर आताच सांगा, आमी कळंबला जातो." आई पप्पांना म्हणायची, नानांशी बोला. पप्पा म्हणायचे, बोलायचं काय त्यात, नळी दिलीय की.

या भांडणात मी कुठंच नव्हते. निदान माझा तसा समज होता.

मी तशी कशातच नसते. लहानपणापासून पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत गेले, त्यामुळे गावातल्या मुलींशी खेळायचं राहिलं आणि शाळेतल्या मुलींना आमचं गाव लांब पडायचं. चार माणसांत मला बोलता येत नाही. मनात वाक्य जुळवून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. गावात याला शिष्टपणा म्हणतात. एकदा एका लग्नात नानांनी पंगतीतच विचारलं होतं, "एकोणऐंशी म्हंजे किती गं?" मी ठामपणे एटी नाइन सांगितलं. तेव्हापासून नाना मला मॅडम म्हणतात.

कॉलेज संपल्यावर मी घरी बसून कॉम्प्युटरवरची कामं घ्यायला लागले. लॅपटॉप मामाच्या मुलाचा जुना. त्यातली मूळची सिस्टीम चालू व्हायला एवढा वेळ घ्यायची की तोवर आईचा चहा व्हायचा. मग मी एक फुकट मिळणारी, ओपन सोर्स सिस्टीम टाकली. पप्पांना मी समजावून सांगितलं की हे जगभरातली माणसं मिळून बनवतात, कुणीही आतलं बघू शकतं, कुणीही दुरुस्त करू शकतं आणि बहुतेकजण त्याचे पैसे घेत नाहीत.

पप्पांनी विचार केला. "मंग त्यांचं रान कोण बघतं?"



सिस्टीम टाकली खरी, पण तिच्यात वायफाय चालेना. म्हणून मी पहिल्यांदा एका फोरमवर गेले. एक प्रश्न लिहायला मला अख्खी दुपार लागली. त्यात दोनदा माफी मागितली, एकदा आगाऊ आभार मानले. उत्तर एका ओळीचं आलं : व्हर्जन कुठलं? आमच्या दूध डेअरीसमोर अनोळखी माणसानं पत्ता विचारला की तिथली मंडळी आधी विचारतात, "कुणाकडं आलाय, पावणं?" ते कळल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. फोरमचंही तसंच निघालं. व्हर्जन सांगितल्यावर एकानं मला रागावून सांगितलं की हा प्रश्न आधी विचारून झालेला आहे, दुसरा त्या रागावणाऱ्याला रागावला, दोघं एकमेकांत गुंतले आणि तिसऱ्यानं मधल्यामधे उत्तर देऊन टाकलं. वायफाय चालू झालं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. शिवाय तिथं चेहरा दिसत नाही. वाक्य जुळवायला हवा तेवढा वेळ घेता येतो आणि तुम्ही बोलेपर्यंत विषय तिथंच थांबलेला असतो.

तिथूनच मला त्या नकाशाचा पत्ता लागला. तोही ओपन सोर्सवाल्यांसारखाच, लोकांनी मिळून काढलेला. कुणीही खातं उघडावं आणि आपल्या भागातले रस्ते, विहिरी, देवळं त्यात भरावीत. बाकी अनेक ॲपवाले तोच नकाशा उचलून वापरतात. मी आमचा भाग उघडून बघितला. लेण्याद्रीच्या पायऱ्या होत्या, कालवा होता, डांबरी होती. आमच्या मळ्याच्या जागी नुसता हिरवा रंग. तिथं कुणी राहतं असं कुठंच दिसत नव्हतं.

मग मी मोबाईल स्कुटीच्या डिकीत ठेवून जीपीएस चालू करायचे आणि गावभर हिंडायचे. लोकांना वाटायचं, मॅडमला फिरायचं वेड लागलंय. संध्याकाळी लॅपटॉपवर बसून जिथून गेले ते रेघांनी काढायचे. माझा पहिला रस्ता अर्थातच हा, डांबरीपासून आमच्या घरापर्यंतचा. तेव्हा नळी शाबूत होती. परदेशातल्या कुणीतरी त्याखाली लिहिलं की काम सुंदर झालंय. घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. टोपणनावानं वावरत होते, ते टोपणनावही कुणाला माहीत नव्हतं.

काट्या पडल्यानंतरच्या पावसाळ्यात मी लॅपटॉपसाठी एक सुटा भाग मागवला. पार्सलवाला मोटारसायकलवर आला, मागं भलीमोठी पिशवी. त्या पिशवीमुळे तो फटीतून निघेना. मी पत्र्याखाली उभी राहून लांबून बघत होते. नाना विहिरीवरून चालत आले, तशी मीही काट्यांपर्यंत गेले.

"रस्ता न्हाई इकडून."

"आहे ना काका. दाखवतोय."

"कोण दाखवतोय?"

त्यानं मोबाईल पुढे केला. नानांनी चष्मा शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बराच वेळ त्या मोबाईलकडे बघत राहिले. आपल्या रानातून गेलेली ती पांढरी रेघ त्यांनी बोटानं मोठी केली, लहान केली, परत मोठी केली. पार्सल त्यांनी स्वतःच्या हातांनी काट्यांवरून माझ्याकडे दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. ते पार्सलवाल्याला विचारत होते, हा नकाशा काढतं कोण आणि तक्रार कुठं करायची.

नाना मोबाईलवर मोटारी दुरुस्त करण्याचे व्हिडिओ बघून विहिरीवरची मोटार स्वतः उघडतात आणि बहुतेक वेळा परत जोडतातही. त्यामुळे दोनेक दिवसांत मला नकाशावरून सूचना आली की तुम्ही काढलेला रस्ता एका नव्या सदस्यानं पुसला आहे, याचं मला फार नवल वाटलं नाही. कारण विचारलेल्या जागी त्यानं लिहिलं होतं : माझे रान आहे.

समोरासमोर मी नानांना एक वाक्य बोलले नसते. पण हे समोर नव्हतं. मी रस्ता परत काढला आणि कारण लिहिलं, इंग्रजीत : रस्ता प्रत्यक्षात अस्तित्वात आहे. नानांनी परत पुसला. मी परत काढला. एकदा ते पुसतापुसता चुकले आणि त्यांनी स्वतःची विहीर पुसली. ती मी गुपचूप परत भरली.

नकाशावर अशी भांडणं सोडवणारी माणसं असतात. आमच्या वाट्याला आला तो कुठल्यातरी थंड देशातला होता. फोटोत डोक्यावर हेल्मेट, हातात सायकल. त्यानं दोघांना मिळून एकच सभ्य संदेश पाठवला की कृपया खेळ थांबवा आणि आपापली बाजू मांडा.

दुसऱ्या दिवशी नानांची मोटारसायकल फटीतून आत आली आणि आमच्या ओट्यापाशी थांबली. नळी चिरडल्यापासून ते पहिल्यांदाच येत होते. पप्पा रानात होते, म्हणजे नानांनी ते बघूनच वेळ साधली असणार. आईनं काही न विचारता चहा टाकला.

"मॅडम," नाना ओट्यावर टेकत म्हणाले, "तुजं ते इंग्रजी काढ जरा बाहेर."

त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. मी तो संदेश पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं तोंड करून वाचला. नंतर त्यांना मराठीत सांगितला.

"लिही," नाना म्हणाले. "की बाबा रे, रस्ता काढणारा तू हाईस कोण? कुठल्या गावचा? माज्या रानात पाय ठेवायला तुला सांगितलं कुणी? चार बुकं शिकला म्हणून कुणाच्याबी वावरात रेघा मारत सुटायचं काय?"

मी लिहिलं की या ठिकाणी दाखवलेला रस्ता खाजगी जमिनीतून जातो, कृपया त्याचा फेरविचार व्हावा.

"झालं?" नाना मोबाईलमध्ये डोकावले. "मी तर लई बोललो."

"इंग्रजीत कमी लागतं."

"जरा शिवी दिल्यासारखं वाटू दे."

मी सुरुवातीला 'संपूर्ण आदर राखून' असं घातलं आणि त्यांना सांगितलं की इंग्रजीत भांडताना एवढं म्हटलं की समोरच्याला पुरेसं झोंबतं. नाना खूश झाले. माझ्याविरुद्धची तक्रार मी माझ्या हातानं पाठवली. ते गेल्यावर आत जाऊन लॅपटॉप उघडला आणि तिला उत्तर लिहिलं. तेही संपूर्ण आदर राखून.

त्यानंतर नाना येतच राहिले. थंड देशातला माणूस सकाळी लिहायचा, ते आमच्याकडे दुपारी पोचायचं आणि दुपारी नानांना वेळ असायचा. तो फार सविस्तर लिहायचा. नानांना ते आवडायला लागलं. "ह्यो बरा हाय राव. इचारलं की उत्तर तर देतो," ते म्हणायचे. चहा पिता पिता त्यांची नजर आमच्या टोमॅटोवर जायची. टोमॅटोबद्दल ते माझ्याशी किंवा आईशी बोलायचे नाहीत, चहाच्या कपाशी बोलायचे. "फुगवण चांगली हाय," ते कपात बघून म्हणायचे. "रंग धरायला लागलाय."

पप्पा लवकर परतले आणि नानांची गाडी दिसली तर ते गोठ्याच्या मागं जाऊन वासराचं दावं सोडून परत बांधत बसायचे. वासरू त्या दिवसांत फार घट्ट बांधलेलं असे. नाना गेल्यावर मला विचारायचे, "काय म्हणत व्हता?"

"नकाशाचं."

"गावाच्या?"

"जगाच्या."

"बरं," पप्पा म्हणायचे. आणि थोड्या वेळानं, "रस्त्याचं काही बोलला का?"

"रस्त्याचंच बोलतात."

पप्पांना माझ्या या उत्तरांचा राग यायचा. मला त्याहून जास्त बोलता येत नव्हतं. शनिवारी पहिला तोडा धरला होता आणि आईनं बायकांना अजून हो की नाही ते कळवलं नव्हतं.

मग थंड देशातल्या माणसानं एक फोटो मागवला. त्यानं लिहिलं की जमीन कुणाची आहे याच्याशी नकाशाला कर्तव्य नाही, तिथं प्रत्यक्ष काय दिसतं एवढंच महत्त्वाचं. वापरातला रस्ता दिसला तर तो राहील. गवत आणि पीक दिसलं तर जाईल.

"आता सापडला," नाना म्हणाले. "चल. काट्यांचा फोटू काढ. वर्ष झालं, एक गाडी गेली न्हाई हितून."

मी त्यांच्या मागून चालत काट्यांपाशी गेले. नानांनी चपलेनं एक फांदी नीट सरळ केली, लग्नातल्या फोटोला उभं करतात तशी. मी मोबाईल धरला. काट्या व्यवस्थित आल्या. त्यांच्या मागे चाकोरीत गवतही आलं. पण गवताच्या मधोमध, फटीपासून निघून सरळ आमच्या ओट्यापर्यंत, एका मोटारसायकलच्या टायरचा लख्ख पट्टा होता. जाऊन येऊन, जाऊन येऊन तिथली माती चकचकीत झाली होती.

मी मोबाईल नानांकडे दिला. त्यांनी फोटो मोठा केला.

"ही कुणाची गाडी?"

मी ओट्यापाशी उभ्या असलेल्या त्यांच्या मोटारसायकलकडे बघितलं.

"मागलं टायर गुळगुळीत झालंय," ते स्वतःशीच म्हणाले. "माजंच हाय."

मला वाटलं आता दुसरा फोटो काढायला लावतील, जरा कडेनं, फक्त काट्यांचा. नानांनी मोबाईल मला परत दिला. मग म्हणाले, "पाठव. दिसतंय ते दिसतंय."

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. रस्ता आहे, असं त्यानं लिहिलं होतं. पण पुढं त्यानं एक सोय सांगितली होती, जी मलाही माहीत नव्हती. काही रस्ते खाजगी जमिनीतून जातात आणि मालक लोकांना आपणहोऊन जाऊ देतो. मालकाच्या मनात आलं तर तो कधीही बंद करू शकतो. अशा रस्त्यासाठी नकाशात वेगळी नोंद करता येते. जमिनीच्या मालकाला तशी नोंद करायची आहे का?

हे मी नानांना मराठीत सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

"म्हंजे रस्ता हाय."

"हो."

"पण माज्या मर्जीनं हाय."

"हो."

"आन् हे साऱ्या जगाला दिसणार."

"कुणी बघितलं तर."

"बघू न्हाई तर न बघू. तिथं असलं म्हंजे झालं." त्यांनी मोबाईल माझ्याकडून काढून घेतला आणि मी सांगेन तसं अंगठ्यानं दाबत ती नोंद स्वतः केली. झाल्यावर त्यांनी तो ओट्यावर पालथा ठेवला. आई आतून दारात येऊन उभी राहिली होती. गोठ्याच्या मागून दावं सोडल्याचा आवाज येत होता.

"ह्यात एक अडचण हाय," नाना म्हणाले. आवाज जरा चढा होता, गोठ्यापर्यंत पोचेल एवढा. "मर्जी कुणी इचारली तर द्यायची. न इचारता कशी देणार माणूस?"

 दावं सोडल्याचा आवाज थांबला. मी आईकडे बघितलं, आईनं गोठ्याकडे बघितलं. गोठ्यामागून कुणीही येणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. लॅपटॉप आत होता आणि हे काही लिहून पाठवता येण्यासारखं नव्हतं.

"नाना," मी म्हणाले. वाक्य जुळवलेलं नव्हतं, त्यामुळे ते तुकड्यातुकड्यानं आलं. "शनिवारी तोडा आहे. पिकअप. तुमच्या रानातून. आणू का?"

नानांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"आदी रेघ मारलीस," ते म्हणाले, "आन् आता इचारतीस. चालतंय."

मी जमिनीकडे बघत राहिले. आईला काही कळलं नाही. "कसली रेघ?" ती म्हणाली.

"बाहेरच्या मान्सानं काढला असता तर रस्ता दाराशी सपला असता," नाना तिला समजावून सांगायला लागले. "ह्यो दाराशी थांबत न्हाई वयनी. ओट्याला वळसा घालतो आन् पत्र्याखाली शिरतो. हिच्या स्कुटीपाशी. मी पयल्याच दिवशी बघितलं व्हतं."

"मग माझ्याकडून पत्रं कशाला लिहून घेतलीत?" हे मी खरंच विचारलं, मोठ्यानं.

"मंग काय करू? तू घरात बोलत न्हाईस, तुजा बाप वासराशिवाय कुणाशी बोलत न्हाई. तो परदेशी बाबा तरी दोन शब्द बोलत व्हता." त्यांनी उरलेला चहा संपवला. "आन् माजी हीर परत भरलीस, ते बरं केलंस. मी घाबरलो व्हतो."

त्या माणसाला मी लिहिलं की वाद मिटला. त्यानं दोघांचं अभिनंदन केलं आणि लिहिलं की तुम्ही दोघं एकाच भागातले दिसता, तर कधीतरी भेटून चहा घ्यायला हरकत नाही. नानांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला लिही, साखर कमी टाकायला सांगितलीय."

शनिवारी सकाळी काट्या बांधाच्या कडेला रचून ठेवलेल्या होत्या, म्हणजे लागल्या तर परत टाकता येतील अशा. बायका आल्या, तोडा झाला, कॅरेट भरून ओट्यापाशी थप्पी लागली. पिकअप डांबरीवरून वळली तेव्हा पप्पा चालत चाकोरीच्या तोंडाशी गेले आणि हात करून त्यांनी गाडी थांबवली. नाना तिथंच विहिरीवर होते. पप्पांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. खिडकीतून ड्रायव्हरलाच विचारलं, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, "इचारलंस का मालकाला?"

ड्रायव्हर गोंधळला. "कुठल्या मालकाला, भाऊ?"

"इचारलंय," नाना विहिरीवरून म्हणाले. "मॅडमनी इचारलंय. जाऊ दे. वळताना तेवढं डावीकडून घे म्हणावं, नवी नळी हातरलीय."